काशीनाथमामांची तारीख

हल्ली सकाळी डोळे उघडायच्या आत फोन कुणकुणायला लागतो. आमच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी रोज ‘आजचा दिनविशेष’ टाकतं. वर कमळाचं चित्र, त्याखाली अमुक साली आजच्या दिवशी काय झालं ते, मग ‘तुम्हाला ठाऊक आहे का’ म्हणून एक माहिती, आणि शेवटी विनोद. त्या विनोदाखाली सगळ्याजणी हसऱ्या तोंडांची रांग लावतात. सून म्हणते, आई, तुम्ही कधी हसत का नाही यावर. आता तिला काय सांगू. हे सगळं मी फोन निघायच्या कितीतरी आधी संतपूरच्या बसथांब्यावर काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूनं लिहिलेलं पाहिलंय. लिहिणारे माझे वडील होते, आणि त्या फळ्यानं एका आश्विनात आमच्या घराचं जे केलं ते आठवलं की माझा चहा तसाच गार होतो.

आप्पांचं थांब्याला लागून सायकलींचं दुकान होतं. तासावर भाड्यानं सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचं, आणि उरलेला वेळ जगाची काळजी करायची. दुकानाच्या फळीवर शाळेतून मोडीत निघालेला एक फळा टांगलेला असे. औरादची पहिली बस यायच्या आत आप्पा तो ओल्या फडक्यानं पुसत आणि नव्यानं लिहीत. पहिली ओळ इतिहासाची, दुसरी ज्ञानाची, तिसरी हसण्याची, हा क्रम कधी मोडला नाही. उदगीरकडून एक दिवस शिळी होऊन येणारी वर्तमानपत्रं, कॅलेंडरांच्या मागची पानं, गिऱ्हाइकाला साबण बांधून आलेला कागद, यातून ते कात्रणं काढत आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात महिन्यांप्रमाणे लावून ठेवत. कुठल्या देशात पहिली आगगाडी धावली, कुठल्या समुद्रात जहाज बुडालं, हे आमच्या गावाला बिदरच्या आधी कळायचं, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. भाद्रपद-आश्विनात त्या फळ्याला खरा बहर येई. मूग-उडीद खळ्यावरून घरात आलेले असत, रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीला अजून जमिनीला वाफसा यायचा असे, माणसं थोडी मोकळी असत. आता आमच्याकडे जिकडं बघावं तिकडं सोयाबीन, आणि आश्विनात कुणाला मान वर करायला सवड नसते. तेव्हा लोक बस चुकली तरी चालेल म्हणून फळ्यापुढं थांबत. ज्यांना मराठी वाचता येत नसे त्यांना कुणीतरी कानडीत सांगे, आणि हसू दोन हप्त्यांत येई, आधी मराठीवाल्यांचं, मग कानडीवाल्यांचं.

घरात आम्ही चौघंच. आप्पा, आई, मी आणि आत्या. आत्या आप्पांची थोरली बहीण. आप्पा तिला अक्का म्हणत. घराची सकाळ तिच्यापासून सुरू होई. चूल पेटवून ती भाकरी थापायला बसली की परातीतला तो धपधप आवाज आणि त्यात मिसळलेली बांगड्यांची किणकिण, यावर मी जागी होत असे. अंबाडीची भाजी तिच्यासारखी कुणाला जमली नाही. ती त्यात मुगाच्या कण्या घालायची आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. आईला कामाचा उरक होता, पण हाताला चव आत्याच्या, हे आईच सांगायची. भाकऱ्या झाल्या की आत्या आरसा घेऊन उजेडाला बसे, कपाळाला आधी मेण लावी आणि त्यावर रुपयाएवढं कुंकू रेखी. हे रेखणं मी कितीदा पाहिलं असेल. घाई नाही, हात हलला तर पुसून पुन्हा. आणि ज्याच्या नावाचं ते कुंकू होतं त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नव्हतं.

काशीनाथमामा, म्हणजे आत्याचे यजमान, दुबलगुंडीचे. निजामाच्या राज्यात रझाकारांचा धुमाकूळ चालला होता त्या वर्षी दसरा झाल्यावर एका पहाटे ते निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात जातो म्हणून निघाले. आत्या तेव्हा जेमतेम नांदायला गेलेली पोर होती. पुढं राज्य गेलं, हैदराबाद मोकळं झालं, कॅम्पातले बाकीचे परतले, मामा आले नाहीत. सासरच्यांनी आत्याला माहेरी आणून सोडलं आणि मुलगा आला की न्यायला येऊ म्हणून सांगितलं. मग आवया सुरू झाल्या. कुणी म्हणे सोलापुरात गिरणीत दिसले, कुणी म्हणे हुमनाबादच्या जत्रेत बैराग्यांत बसले होते. प्रत्येक आवईला आप्पा सायकल काढून धावत, आणि रिकामेच परत येत. पितृपक्षात आमच्या अंगणात सगळ्यांची पानं वाढली जात. एखादी म्हातारी हळूच विचारी, “काशीनाथचं पान?” आत्या वडे तळता तळताच म्हणे, “ते येतील की जेवायला, आले म्हंजे.” यात रडणं नव्हतं, रागही नव्हता. तिनं एकदा असं ठरवून टाकल्यावर दुसऱ्या कुणी तोंड उघडायची सोय नव्हती.

आप्पांचा जीव मात्र मामांवर वेगळ्याच कारणानं होता. आप्पा शाळेत गेलेच नव्हते; त्यांना अक्षर मेहुण्यानं शिकवलं. काशीनाथमामा सासुरवाडीला आले की ओसरीवर बसून दहा वर्षांच्या आप्पांना जुन्या कागदांवरच्या बातम्या वाचायला लावत आणि विचारत, सांग, हे कधी झालं. फळ्याचं सगळं वेड तिथून आलेलं. त्यामुळं सतरा सप्टेंबर, हैदराबाद मोकळं झाल्याचा दिवस, जवळ आला की आप्पांची घालमेल होई. तेव्हा त्या दिवसाचा सरकारी सोहळा नव्हता. गावातली जुनी माणसं आपली आपण चावडीवर झेंडा लावत, गेलेल्यांची नावं घेत, गूळ-शेंगदाणे वाटत. त्या नावांत मामांचं नाव नसे. जिवंत म्हणावेत तर दिसत नव्हते, गेले म्हणावेत तर कुणी सांगितलं नव्हतं. आप्पा मागं उभे राहून टाळ्या वाजवत आणि गूळ न खाता घरी येत.

मग मी शाळेत असताना एका वर्षी गावानं ठरवलं की चावडीपुढं गेलेल्यांच्या नावाचा दगड उभा करायचा. कमिटीचे पुढारी होते शंकरअण्णा, आप्पांचे चुलतभाऊ. माणूस सरळ, पण नियमाचा. दिवाळीनंतर लगेच दगड उभा राहायचा होता. मी शाळेतून येता येता दुकानात टेकले होते तेव्हा ते नावांबद्दल बोलायला आले.

“काशीनाथचं नाव मला बी पायजे,” शंकरअण्णा म्हणाले. “पर खाली तारीख लागतीय, माणिक. बाकीच्या समद्यांच्या खाली हाय. एकट्याची जागा मोकळी सोडली तर लोक इचारणारच, ह्यो गेला कवा?”

“गेला म्हणून कुणी सांगितलं?” आप्पा म्हणाले.

“मग दगडावर कामून घालायचं? दगड काय जित्या माणसाचा असतोय का?”

आप्पा सायकलीच्या चाकाची तार आवळत राहिले. शंकरअण्णा गेल्यावरही ती तार आवळतच होते, चाक वाकडं होईपर्यंत. त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी आत्याला अगदी सहज विचारलं, “अक्का, भाऊजी गेले तो दिस कोणता गं?” आत्यानं तिच्या रीतीनं सांगितलं, की दसऱ्याच्या आपट्याची पानं अजून देवापुढं वाळायची होती आणि परसात झेंडूची तोडणी चालली होती. आप्पांनी मान डोलावली. त्यांनी तिथी धरली, जुन्या पंचांगाशी ताडली आणि तारीख काढली. हे सगळं नंतर आईकडून कळलं. आईला ते म्हणाले होते, “घरातनं निघाले त्याच दिवसाची धरू. कुणाचं काय बिघडायलंय?” बायको म्हणून आईला ते खटकलं होतं, पण ती बोलली नाही, आणि न बोलल्याचं तिला शेवटपर्यंत लागून राहिलं.

दसरा झाल्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी आत्या मला म्हणाली, चल, थांब्यापर्यंत जाऊन येऊ, चिंताकीच्या बसनं भाजीवाली यायचीय. आम्ही गेलो तर फळ्यापुढं रोजच्यापेक्षा जास्त माणसं, आणि कुणी हसत नव्हतं. आम्हाला पाहून लोक बाजूला झाले. एका म्हाताऱ्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. आत्याला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, “कुसे, काय लिहिलंय गं? वाच की.”

मी वाचलं. शाळेत धडा वाचतात तसं, खणखणीत. ‘आजच्या दिवशी आपल्या गावचे जावई श्री. काशीनाथराव हैदराबाद मुक्तिलढ्यात हुतात्मा झाले.’ दुसरी ओळ: ‘ऑक्टोपस या समुद्रातील प्राण्याला तीन हृदये असतात.’ तिसरी: ‘गिऱ्हाईक — या सायकलीला ब्रेक लागत नाही. दुकानदार — मग उतारावरून जाऊ नका. गिऱ्हाईक — आणि चढावर? दुकानदार — चढावर ब्रेक कशाला पाहिजे?’ क्रम मोडायचा नाही म्हणून आप्पांनी तिन्ही ओळी लिहिल्या होत्या. मला आजही कळत नाही, की मामांना हुतात्मा करून झाल्यावर तो विनोद लिहिताना त्यांचा हात कसा चालला. बहुधा रोजच्यासारखाच चालला असेल. त्यांच्या मनात फक्त मेहुणा होता. मेहुण्याला एका ओळीत मोठा केला की त्याच ओळीत बहीण विधवा होते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग दुकानाच्या पायरीशी जाऊन ती हळू आवाजात म्हणाली, “कुणी सांगितलं तुला?”

आप्पा उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक अजून पुरतं गेलं नव्हतं. “अक्का, दगडावर नाव यायलंय भाऊजीचं.”

“कुणी सांगितलं, इचारलंय मी.”

आप्पा फळ्याकडं बघायला लागले. भोवती माणसं होती. ती म्हणाली, “घरी चल, कुसे.” भाजीवालीची बस आली आणि गेली, आम्ही मागं वळून पाहिलं नाही.

दुपारी बायका आल्या. गल्लीतल्या, भावकीतल्या, तोंडाला पदर लावून. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. फळ्यावर आलं म्हणजे खरं, हे आप्पांनीच त्यांना इतकी वर्षं शिकवलं होतं. एकीनं नारळ आणला होता. भावकीतल्या थोरल्या काकींनी आत्याला जवळ घेऊन गळा काढला आणि म्हणाल्या, “आता उगं ऱ्हा बाई, कपाळ मोकळं कर. इतकी वर्सं झाकून काढलीस.” त्यांचा हात आत्याच्या कपाळाकडं गेला. आत्यानं तो हात मधेच धरला, दोन्ही हातांत घेतला आणि त्यांच्याच मांडीवर ठेवून दिला. म्हणाली, “चा पिऊन जावा. उन्हाचं आलाव.” आणि खरंच उठून चहा ठेवला. बायका चहा प्याल्या. तो कपबशांचा आवाज मला अजून ऐकू येतो, एवढं त्या खोलीत दुसरं काही वाजत नव्हतं.

त्या दिवसापासून आत्या आप्पांशी बोलायची बंद झाली. स्वयंपाक तीच करी, पण आप्पांचं ताट माझ्या हाती पाठवी. आप्पांनी फळा त्याच दिवशी दुपारी पुसला होता, पण बोललेलं आणि लिहिलेलं गावातून कुठं पुसता येतं. हळदीकुंकवाला आत्याला बोलावणं येईना. विहिरीवर तिला बघून बायकांना कळेना की हिच्याशी कसं बोलावं. कपाळावर कुंकू होतं आणि गावाच्या लेखी नवरा मेला होता. दिवाळीच्या आधी बांगड्या भरायला खैरूनबी मनियारीण आली. दरवर्षी ती आत्याच्या हातात हिरव्या बांगड्या भरी. तिनं फळ्याचं ऐकलं होतं. टोपली उंबऱ्यातच ठेवून ती आईकडं बघत म्हणाली, “क्या करूं बीबी? भरूं के नक्को?” आईनं आत्याकडं बघितलं. आत्यानं येऊन पुढ्यात दोन्ही हात धरले. खैरूनबीनं मग एक शब्द विचारला नाही, मनगट दाबत दाबत एकेक बांगडी चढवली. तिचा बापही राज्य गेल्यानंतर मुसलमानांवर सूड निघाला त्या वाईट दिवसांत गेलेला, आणि त्याचं नाव कुठल्याच दगडावर येणार नव्हतं. जाताना ती आत्याच्या हातावर क्षणभर हात ठेवून थांबली. या दोघींनी एकमेकींना काय सांगितलं ते मला मोठी झाल्यावर थोडं थोडं कळलं.

आईची सगळी आशा भाऊबीजेवर होती. बहीण भावाला ओवाळणार म्हणजे समोर बसावं लागणार, बसलं की बोलणं होणार, असा तिचा साधा हिशेब. सकाळपासून शेवेचा, करंज्यांचा, खमंग भाजलेल्या रव्याचा वास घरभर होता. दोन पाट मांडले होते, एक आप्पांचा आणि एक शंकरअण्णांचा. चुलतभाऊ असले तरी ते दरवर्षी आत्याकडूनच ओवाळून घेत. आमच्याकडं तेव्हा विधवा बाईनं आरतीचं ताट हातात धरायची रीत नव्हती. आत्या स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन आली, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. कपाळ रोजच्यासारखं.

शंकरअण्णा पाटावर बसल्या बसल्या खाली बघत आईला म्हणाले, “वैनी, ताट कुसूच्या हातात द्या. आवंदा अक्कानं ओवाळू नये. परवा दगड उभा ऱ्हाणार, समदं गाव येणार. चांगलं दिसत न्हाई.”

आत्या हलली नाही. ती शंकरअण्णांशी बोललीच नाही. आप्पांकडं बघून म्हणाली, “माणिक, तू सांग. सवाष्ण हाय का न्हाई मी?”

आप्पांपुढं दोन्ही गोष्टी होत्या. दगडावर कोरलेलं काशीनाथमामांचं नाव, ज्याच्यासाठी ते इतकी वर्षं गूळ न खाता परतले. आणि ताट धरून उभी असलेली बहीण. निरांजनाची वात एकदा फडफडली, आईनं वाऱ्याला पदर आडवा धरला. मग आप्पा म्हणाले, “शंकर, ती तारीख मी मनानं घातली. भाऊजी गेल्याचं मला कुणी सांगितलं न्हाई.”

त्या वाक्यानं आप्पांच्या फळ्याची पत संपली म्हटलं तरी चालेल. पुढं कित्येक महिने लोक थांब्यावर उभे राहून गंभीर चेहऱ्यानं विचारत, “आप्पा, ही आगगाडी तरी खरी धावली का?” आणि आप्पा, ज्यांना चिडवणं कधी सोसलं नव्हतं, ते मान खाली घालून पंक्चर काढत. पण हे पुढचं. त्या वेळी शंकरअण्णा पाटावरून उठले.

“कोरून झालंय, माणिक.”

“मग खरवडायला सांग.”

“गावापुढं काय तोंड दाखवणार हाईस?”

“हाय तेच दाखवतो.”

शंकरअण्णा न ओवाळून घेताच चपला घालून निघून गेले. आत्यानं त्यांना थांबवलं नाही. तिनं आप्पांच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं आणि करंजीचा तुकडा मोडून तोंडात घातला. आप्पा लहान पोरासारखे रडायला लागले. आत्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, ताट मांडीवर घेतलं आणि इतक्या हलक्या आवाजात बोलली की मला आणि आईला पुढं सरकावं लागलं.

“ते न्हाईत, माणिक. मला लई वर्सं झाली कळून. ही कुसी पाळण्यात व्हती. उदगीरच्या बाजारात त्यांच्या संगतीचा माणूस भेटला, शेवटाला जवळ व्हता त्यो. त्यानं समदं सांगितलं.”

आप्पांचं रडं थांबलं. आई भिंतीला टेकून बसली. मामा खरंच गेले होते. दगडावरचं नाव खरं होतं, आणि ते खरवडायला सांगून अजून निरांजनही विझलं नव्हतं. आप्पांनी शंकरअण्णांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, “कवा, अक्का? दिस सांगितला का त्यानं?”

“सांगितला की.”

“कोणता?”

आत्यानं नाही म्हणून मान हलवली. “ते सांगणार न्हाई मी. सांगितला की पुसावं लागतंय.” तिनं कपाळाला बोट लावलं नाही, पण आम्हाला कळलं. “ते गेले, घर गेलं, सासर गेलं. एवढं माझ्या हातात ऱ्हायलंय. हे बी गावानं कामून ठरवावं?”

त्यानंतर आप्पांनी तिला पुन्हा कधी विचारलं नाही, आणि शंकरअण्णांना तर त्यांनी काहीच सांगितलं नाही. दगड उभा राहिला तो एका जागी खरवडलेला. आत्या आणखी पुष्कळ वर्षं जगली आणि कुंकवासकट गेली. मी तिच्या शेजारी निजले, तिच्या हातचं खाल्लं, माझं लग्न तिनं उभं राहून लावलं. आणि त्या सगळ्या वर्षांत, दरवर्षी, एक दिवस असा येत होता की त्या दिवशी ती आमच्यात बसून भाकरी थापत, आमच्या बोलण्याला हसत, नवऱ्याचा दिवस एकटीनं पाळत होती. तो कोणता, हे आम्हाला कुणालाच कधी कळलं नाही.